घराची शाकारणी : वेळेवरची डागडुजी आणि संसारातील काटकसर

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात घराच्या डागडुजीवरील लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. गेली अनेक वर्षे मी आपल्या रुग्णालयाच्या इमारतींच्या देखभालीचे काम मानद स्वरूपात पाहतो. त्या निमित्ताने सवलत-कक्षाबाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांशी बोलणे होते. अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेली पुंजी कशात गेली, असे सहज विचारले की मुलीचे लग्न, शेतातील नापिकी, धाकट्याचे शिक्षण यांच्या बरोबरीने एक उत्तर वारंवार ऐकू येते : "घराचं काम निघालं होतं." या वाक्यानेच मला हा लेख लिहिण्यास प्रवृत्त केले. आजारपण आणि घरदुरुस्ती हे दोन्ही खर्च सामान्य कुटुंबात एकाच पेटीतून होतात. त्यांपैकी आजारपण टाळणे दर वेळी आपल्या हाती नसते. घराचे काम मात्र असे एकाएकी "निघत" नाही. निघण्यापूर्वी दोन-दोन, तीन-तीन वर्षे ते आपल्याला सूचना देत असते आणि आपण ती वाचत नाही, एवढेच.

प्रस्तुत लेखात घराच्या सर्वच दुरुस्त्यांचा विचार करण्याचा हेतू नाही. आपल्या प्रदेशातील घराचा मुख्य शत्रू पाऊस आणि पाठोपाठ येणारी ओल हा होय. म्हणून त्याविषयी विस्ताराने आणि इतर गोष्टींविषयी थोडक्यात लिहीत आहे.

कौलारू घराचा धडा

माझे बालपण कोकणातील एका कौलारू घरात गेले. वैशाखात आगोटीची लगबग सुरू होई. सरपण पडवीत भरणे, पापड-कुरडया डब्यांत घालणे, गुरांसाठी पेंढा रचणे या कामांबरोबर एक काम ठरलेले असे, ते म्हणजे घराची शाकारणी. दोन गडी छपरावर चढत. नळीची कौले एकेक करून उतरवीत, त्यांवरचा पाचोळा व शेवाळ झाडीत, फुटकी बाजूला काढीत आणि उरलेली पुन्हा ओळीने बसवीत. पडवीच्या कोपऱ्यात शेदीडशे कौलांची थप्पी राखीव असे. तिला हात लावण्याची आम्हा मुलांना सक्त मनाई होती. मृग लागण्यापूर्वी पाखे पुरे झालेच पाहिजेत, यावर आजोबांचा कटाक्ष असे. पुढे मंगलोरी कौले आली, ती दरवर्षी उतरवावी लागत नसत. तरीही माणूस वर चढून फुटके कौल बदलत असे आणि आढ्यावरचे कोनाडे सिमेंटने लिंपीत असे.

आजोबांच्या पश्चात घरातील सारे मुंबईस आले आणि घर गणपतीपुरते उघडू लागले. पश्चिमेच्या पाख्यावरील एक कौल फुटले होते. माकडाने फोडले की नारळाची झावळी पडून फुटले, हे कळण्यास मार्ग नाही. त्या कौलाची किंमत त्या काळी काही रुपये होती. पाऊस त्या जागेतून थेट वाशाच्या मातीच्या भिंतीत टेकलेल्या टोकावर पडू लागला. लाकूड नुसते भिजून वाळले तर फारसे बिघडत नाही. भिंतीत अडकलेले टोक मात्र वाळत नाही, तिथे बुरशी धरते आणि ओलीच्या वासावर वाळवी येते. चौथ्या वर्षी गणपतीस गेलो तेव्हा वासा टोकाशी हाताने कुस्करता येत होता, त्यावरील रिपा लोंबत होत्या आणि आढ्याला बाक आला होता. छप्पर वाकले की कौले सरकतात, कौले सरकली की आणखी चार ठिकाणी पाणी शिरते आणि मातीची भिंत एकदा वरून भिजू लागली की ती फार काळ उभी राहत नाही. त्या घराचा पश्चिमेचा भाग आम्हांला उतरवून नव्याने बांधावा लागला.

मुंबई-पुण्यात राहणाऱ्या आणि गावी कुलूपबंद घर असलेल्या वाचकांना माझी विनंती आहे, की घराची चावी ज्यांच्याकडे ठेवता त्यांच्याकडे पाचपन्नास कौले आणि ती बदलण्याची मजुरीही ठेवावी. जून-जुलैत एकदा त्यांनी घरात शिरून वर पाहावे. कौलातून उजेडाचा कवडसा दिसला की तिथून पाणीही येणार, एवढे साधे हे परीक्षण आहे. (माकडांच्या उपद्रवाला कंटाळून अनेकांनी कौले काढून पत्रे घातले. त्यांना दोष देणे कठीण आहे. परंतु पत्र्याखालील उन्हाळा सोसावा लागतो आणि पत्र्याचे स्क्रू व त्याखालचे रबरी वायसरही दोन-तीन वर्षांनी तपासावेच लागतात.)

सिमेंटच्या घराला शाकारणी नसते काय?

शहरात आलो आणि ही पद्धत सुटली. काँक्रीटचे छत म्हणजे कायमचे छत, अशी आपली समजूत झाली. मी व्यवसायाने बांधकाम अभियंता. इतरांच्या इमारतींना सल्ला देणे हेच माझे काम. तरीही ही समजूत माझ्या स्वतःच्या घरात किती खोल रुजली होती, ते सांगण्यास मला आजही संकोच वाटतो.

आमची इमारत 1986 सालची, चार मजली, बारा सदनिकांची. आम्ही वरच्या मजल्यावर. 2012 च्या ऑक्टोबरात मागील खोलीच्या छताच्या कोपऱ्यात जेवणाच्या ताटाएवढा ओलीचा डाग दिसला. गच्चीवर जाऊन पाहिले, तर बरोबर त्या जागेवर पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या नळाचे तोंड होते. तोंडाभोवतीचा गिलावा सुटला होता आणि कठड्याच्या पायथ्याशी जो गोलाकार वाटा देतात, त्याला बोट जाईल अशी फट पडली होती. दुरुस्तीचा अंदाज 22 हजार रुपयांचा आला. प्रत्येक सदनिकेमागे दोन हजारांहूनही कमी. वार्षिक सभेत विषय निघाला तेव्हा एक सभासद म्हणाले, "एवढ्याशा कामासाठी वर्गणी कशाला काढता? पुढच्या वर्षी सगळ्या गच्चीचंच एकदम करून टाकू." सभेला ते पटले. खरे सांगायचे तर मलाही पटले. निदान मी विरोध केला नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीपूर्वी मी त्या डागावर रंग मारून घेतला. त्याच्या पुढच्या वर्षीही मारला. दुसऱ्या खेपेस रंगातून तांबूस रेघ वर आली. ती रेघ काय सांगते हे मला ठाऊक होते. गच्चीचा विषय पुन्हा सभेत आला, पुन्हा पुढे गेला. 2015 च्या ऑगस्टमध्ये रात्री दोनच्या सुमारास छताचा सुमारे दोन फूट लांबीचा ढलपा खाली आला. खाली माझ्या मातोश्री झोपल्या होत्या. त्यांचे वय तेव्हा 76. कुशीवर वळून झोपल्यामुळे डोके वाचले. खांद्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया, पट्टी, पुढे चार महिने व्यायामोपचार. तो हात आजही खांद्याच्या वर जात नाही आणि देवघरातील वरच्या फळीवरचा डबा त्या आजही कोणाला तरी काढून मागतात.

आता हिशेब पाहू. मातोश्रींच्या उपचारांस 1 लाख 35 हजार रुपये लागले. आमच्या व शेजारच्या खोलीतील गंजलेल्या सळया उघड्या करून, घासून, नव्या सळयांची जोड देऊन छत पूर्ववत करण्यास 2 लाख 80 हजार. संपूर्ण गच्चीचे जलरोधक काम 4 लाख 60 हजार. सोसायटीचा एकूण खर्च 7 लाख 40 हजार, म्हणजे प्रत्येक सदनिकेमागे साठ हजारांहून अधिक. गच्चीचे संपूर्ण काम केव्हातरी करावेच लागले असते, त्यामुळे तो सर्व खर्च दिरंगाईच्या नावे मांडणे रास्त होणार नाही. परंतु छताचे 2 लाख 80 हजार आणि औषधोपचाराचे 1 लाख 35 हजार हे निव्वळ त्या 22 हजारांच्या टाळाटाळीचे मोल होते. मातोश्रींच्या खांद्याचे मोल या हिशेबात धरलेले नाही.

सळई गंजते कशी?

हे घडते कसे, हे समजून घेतले तर डाग पाहताच त्याची किंमत आपल्या ध्यानात येईल. काँक्रीटमधील सिमेंट अतिशय अल्कधर्मी असते. या अल्कधर्मामुळे सळईच्या पृष्ठभागावर एक अत्यंत पातळ संरक्षक थर तयार होतो आणि तो टिकून आहे तोवर सळई गंजत नाही. हवेतील कार्बन डायॉक्साइड मात्र काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून वर्षानुवर्षे आत सरकत असतो. ओलाव्याच्या साहाय्याने तो सिमेंटमधील चुन्याशी संयोग पावतो आणि अल्कधर्म घटवितो. छताच्या सळईवर काँक्रीटचे आवरण साधारण 20 ते 30 मिलिमीटरचे, म्हणजे जेमतेम इंचभर असते. जुन्या कामांत ते याहूनही कमी आढळते. ही झीज सळईपर्यंत पोहोचली की संरक्षक थर तुटतो. समुद्रकाठच्या गावांत खारी हवा हेच काम अधिक वेगाने करते.

यानंतर पाणी व प्राणवायू मिळाला की गंज सुरू होतो. मूळ लोखंडापेक्षा गंजाला दुपटीहून अधिक जागा लागते. काँक्रीटच्या आत ही जागा कोठून मिळणार? मग गंज आवरणाला आतून ढकलू लागतो. प्रथम सळईच्या रेषेत केसासारखा तडा जातो. तड्यातून पाणी अधिक सहज आत येते, गंज वाढतो आणि अखेर आवरण ढलप्याच्या रूपाने सुटते. म्हणजे ढलपा पडतो तो ओलीने कुजून नव्हे. सळई त्याला आतून ढकलून पाडते. हे कळले, की डागावर रंग मारण्यातील फोलपणा निराळा समजावून सांगावा लागत नाही.

घर आपल्याला जी चिन्हे दाखविते, त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी नुसती ओल. मग रंगाचे पापुद्रे आणि भिंतीला लोणा, म्हणजे पाण्याबरोबर बाहेर येऊन वाळलेला पांढरा क्षार. इथवर काम हजारांत भागते आणि तेही पाणी येण्याची वाट बंद केली तरच. त्यानंतर सरळ रेषेतील तडा, मग तांबूस रेघ, मग गिलाव्याला आलेला फुगवटा. या टप्प्यावर काम सळईपर्यंत गेलेले असते व अभियंत्याला दाखविल्याशिवाय पुढे जाऊ नये. फुगलेला भाग ओळखण्यास काठीच्या टोकाने हलके ठोकून पाहावे. घट्ट गिलावा खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. हे करताना थेट त्या भागाखाली उभे राहू नये. आणि तिथे खाली पलंग वा पाळणा असेल तर दुरुस्तीची वाट न पाहता त्याच दिवशी तो हलवावा. मी हा पलंग हलविला नव्हता.

गच्चीवरील पाण्याच्या नळाचे तोंड इतके महत्त्वाचे का, त्याचेही साधे गणित आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांची गच्ची सुमारे 93 चौरस मीटरची असते. पावसाळ्यात कोकणपट्टीत एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटरची नोंद झाली होती. 100 मिलिमीटरच धरले तरी त्या गच्चीवर 9,300 लिटर पाणी पडते आणि ते सारे दोन-तीन नळांतून जावयाचे असते. तिथे एक प्लॅस्टिकची पिशवी अडकली आणि चार इंच पाणी साचले, तर दर चौरस मीटरला 100 किलो भार पडतो. भारतीय मानकानुसार ज्या सपाट छतावर नेहमीची ये-जा नाही, ते दर चौरस मीटरला 75 किलो आणि ज्यावर ये-जा आहे ते 150 किलो जिवंत भार गृहीत धरून आखतात. गच्चीवरची पिशवी उचलणे हे काम किरकोळ नाही, ते यावरून ध्यानात यावे.

नळाच्या तोंडाशी आणि कठड्याच्या सांध्यात आणखी एक पाहुणा येतो : पिंपळ. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडते आणि चिमूटभर मातीत रुजते. वीतभर रोप बोटांनी मुळासकट निघते. दोन वर्षांनी मूळ भिंतीत शिरते व मग नुसते खोड छाटल्याने काही होत नाही, ते पुन्हा फुटते. सांधा फोडून मूळ काढावे लागते व जागा सिमेंटने भरावी लागते. पिंपळ तोडू नये अशी अनेकांची श्रद्धा असते. तिचा मान राखून एवढेच सुचवावेसे वाटते, की रोप लहान असतानाच अलगद काढून मोकळ्या जमिनीत लावावे. ते तिथे आनंदाने वाढते.

कोणत्या महिन्यात काय करावे?

आपली नेहमीची चूक वेळेची असते. गळती जुलै-ऑगस्टमध्ये दिसते, तेव्हा ओल्या गच्चीवर टिकाऊ काम होत नाही. ऑक्टोबरात ऊन पडते, डाग वाळतो आणि आपण विसरतो. मेच्या अखेरीस आकाश भरून आले की आठवण होते. त्या वेळी चांगला कारागीर मिळत नाही, मिळाला तर भाव चढलेला असतो आणि घाईने केलेला सिमेंटचा पातळ थर कडक उन्हात भराभर वाळून तडकतो.

यावर एक बिनखर्चाचा उपाय मी गेली काही वर्षे सर्वांना सांगतो. पावसाळ्यात ओलीचा डाग दिसला की त्याच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारावी आणि शेजारी तारीख लिहावी. पंधरा दिवसांनी डाग रेघेबाहेर गेला असेल तर पुन्हा रेघ, पुन्हा तारीख. भिंत विद्रूप दिसते, हे खरे. पण पाहुण्यांसमोर जी लाज वाटते, तीच ऑक्टोबरात कामाला लावते. दसरा-दिवाळीच्या साफसफाईत रंगकाम काढण्यापूर्वी या रेघा अभियंत्याला वा जाणत्या गवंड्याला दाखवाव्यात. पाणी कोठून येते ते आधी ठरवावे. ते नेहमीच डागाच्या बरोबर वर असते असे नाही. काँक्रीटमधून ते उतार शोधत दोन-चार फूट सरकलेले असू शकते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा दुरुस्तीचा उत्तम काळ. भिंती वाळलेल्या असतात, ऊन सौम्य असते, सिमेंटला पाणी मारून ते नीट मुरविता येते. मे महिन्यात मग मोठे काम उरत नाही. गच्ची झाडणे, नळांची तोंडे मोकळी करून त्यांवर जाळ्या बसविणे, खिडक्यांवरील सज्जे साफ करणे, अंगणातील गटाराचा गाळ काढणे एवढेच. आणि पहिला मोठा पाऊस पडला की त्याच दिवशी छत्री घेऊन गच्चीवर एक फेरी मारावी. पाणी कोठे तुंबते, हे कोरड्या गच्चीवर कितीही पाहिले तरी समजत नाही.

न्हाणीघरातील ओल बारमाही असते. फरश्यांच्या सांध्यांतील भरण गेले की पाणी खाली झिरपते आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर उमटते. मग दोन शेजाऱ्यांत जो वाद पेटतो, त्यात सांधे भरण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट रक्कम आणि स्नेह खर्ची पडतो. वर्षातून एकदा सांधे पाहून, मोकळे झालेले खरवडून पुन्हा भरून घ्यावेत.

वाहून जाणारे पैसे

गळका नळ सर्वांना दिसतो, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. नळाखाली तासभर मापाचे भांडे ठेवून पाहावे. तासाला पाव लिटर पाणी जमले तर दिवसाला 6 लिटर व वर्षाला सुमारे 2,200 लिटर होते. नळातील वायसर बदलण्यास काही मिनिटे पुरतात. न दिसणारी गळती शोधावयाची तर रात्री झोपताना सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा टिपावा आणि पहाटे पुन्हा पाहावा. आकडा पुढे गेला असेल तर पाणी कोठेतरी जात आहे. बहुधा शौचालयाच्या टाकीतून किंवा जमिनीखालच्या नळातून.

गच्चीवरील टाकी भरून वाहणे हेही तसेच. एक किलोवॉट वीज घेणारा पंप रोज केवळ अर्धा तास जास्त चालला तर वर्षाला 180 युनिटांहून अधिक वीज वाया जाते. आपल्या बिलावरील दराने गुणून पाहावे. शिवाय ते वाहणारे पाणी त्याच भिंतीवरून उतरते, जिचा गिलावा आपण पुढे पैसे देऊन दुरुस्त करतो.

ज्या दुरुस्त्या न केल्याने रुग्ण येतात

काही दुरुस्त्यांत पैशाचा प्रश्न दुय्यम आहे. त्या न केल्यास खर्च घराच्या नव्हे, तर रुग्णालयाच्या बिलात दिसतो.

पहिली विजेची. घरात मुख्य बटणाजवळ 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी हे गळती-संरक्षक उपकरण असावे. वीज माणसाच्या अंगातून जमिनीकडे वाहू लागताच ते प्रवाह तोडते. त्यावर "टी" अक्षराचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे, खटका पडला पाहिजे. अनेक घरांत हे उपकरण आहे, परंतु ते बटण बसविल्यापासून कोणी दाबलेले नसते. पावसाळ्यात कपडे वाळत घालण्याची लोखंडी तार विजेच्या वायरीला, मीटरच्या पेटीला वा पत्र्याच्या शेडला टेकते आणि ओल्या हाताने कपडा काढणाऱ्या गृहिणीचा जीव जातो. तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधावी. या संपूर्ण लेखातील हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दुसरी गॅसची. शेगडीची रबरी नळी आयएसआय चिन्हाचीच असावी व ती पाच वर्षांनी, अथवा तीवर छापलेल्या मुदतीनुसार, बदलावी. चीर दिसल्यास मुदतीची वाट पाहू नये. गॅसगळतीची शंका आली तर रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये आणि घराबाहेर येऊन 1906 या क्रमांकावर कळवावे. गॅसवर चालणारा गीझर बंद न्हाणीघरात वापरणे तर सर्वथा टाळावे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे माणूस सावध होण्यापूर्वीच बेशुद्ध होतो.

तिसरी पाण्याच्या साठ्याची. डेंग्यू पसरविणारा एडिस डास घरातील स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. टाकीचे तुटलेले झाकण, गच्चीवर टाकलेली फुटकी कुंडी, सज्जावरील तुंबलेला खड्डा ही त्याची प्रसूतिगृहे. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी घासून कोरडी करण्याची प्रथा पाळावी. नुसते पाणी ओतून भागत नाही. भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरड्या स्थितीत महिनोन् महिने टिकतात. शौचकूपाच्या टाकीच्या वायुनलिकेच्या तोंडाला जाळी बांधण्याचे कामही याच दिवशी उरकावे.

आणि न्हाणीघरातील शेवाळलेली फरशी. वृद्धांच्या खुब्याचे हाड मोडण्यास एवढे कारण पुरते. फरशी घासणे आणि भिंतीला धरण्यासाठी एक दांडी पक्की बसविणे, यापलीकडे याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

तरतूद

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती व देखभाल निधीसाठी प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल 0.75 टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान 0.25 टक्के वर्गणीची तरतूद आहे. जमिनीची किंमत यात धरावयाची नसते. बांधकाम खर्च 20 लाख धरला तर हे वर्षाला 15 हजार आणि 5 हजार, म्हणजे महिन्याला सुमारे 1,700 रुपये होतात. स्वतंत्र घर असणाऱ्यांनीही हेच प्रमाण धरून निराळे खाते ठेवावे. उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी करावयाची असते. गच्चीतून होणारी पावसाची गळती आणि तीमुळे वरच्या मजल्यावरील छताचे झालेले नुकसान यांचा खर्च संस्थेने करावयाचा असतो. वरच्या मजल्यावरील सभासदाला "तुमचा प्रश्न तुम्ही सोडवा" असे सांगणे उपविधींस धरून नाही. हे मला 2012 च्या सभेतही ठाऊक होते, आणि मी गप्प बसलो होतो.

देणगीदारांसाठी एक स्पष्टोक्ती करण्याची परवानगी घेतो. यंत्रसामग्रीसाठी, खाटांसाठी देणग्या येतात व त्यांवर दात्याचे नाव आदराने लावले जाते. गच्चीच्या जलरोधक कामावर नाव कोरता येत नाही. मग त्यासाठी कोणी पैसे देत नाही. पण ज्या खोलीत यंत्र ठेवले आहे तिचे छत गळले, तर यंत्रच झाकून ठेवावे लागते. ज्या दात्यांनी आपली देणगी "इमारत देखभाल" या शीर्षाखाली जमा करण्यास संमती दिली, त्यांचा मी व्यक्तिशः ऋणी आहे.

रुग्णालयाच्या प्रत्येक इमारतीची एक वही ठेवली आहे. डाग कोठे दिसला, कोणत्या तारखेस, किती मोठा, कोणी पाहिला, काय केले आणि काय खर्च आला, एवढेच रकाने तीत आहेत. घरासाठी अशीच वही करावयाची असल्यास कोऱ्या नमुन्याच्या प्रती चौकशी-कक्षात विनामूल्य ठेवल्या आहेत. पेन्सिल मात्र ज्याची त्याने आणावी.